'वर' म्हणजे नेहमी 'ऑन' नव्हे : इंग्रजीतलं योग्य प्रिपोझिशन कसं निवडावं

पुस्तक टेबलावर असतं, घड्याळ भिंतीवर असतं आणि पंखा छताला असतो. मराठीत इथे कधी 'वर' आलं, कधी 'ला'. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी 'ऑन', कारण इंग्रजी एवढंच बघते, की वस्तू पृष्ठभागाला टेकलेली आहे का. ती वर ठेवलीय की खाली लटकतेय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. उलट, डोक्यावर फिरणारा पंखा डोक्याला टेकत नाही (नशीब!), म्हणून तिथे 'ओव्हर' किंवा 'अबव्ह'.

तेव्हा पहिलं काम हे, की मराठी प्रत्ययाचं भाषांतर करायचं थांबवा आणि चित्र डोळ्यांसमोर आणा. वस्तू कशाच्या तरी आत असेल तर 'इन', टेकलेली असेल तर 'ऑन' आणि ती जागा नुसता एक ठिकाणा म्हणून सांगायची असेल तर 'ॲट'. 'मी स्टेशनवर आहे' याचं 'आय ॲम ॲट द स्टेशन' होतं ते यामुळेच. वाहनांची खूण सोपी आहे. आत उभं राहून चालता येत असेल तर 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन'. वाकून शिरून बसावं लागत असेल तर 'इन द कार'.

वेळेचं गणित पाठच करून टाका. घड्याळाची वेळ 'ॲट', वार आणि तारीख 'ऑन', महिना आणि वर्ष 'इन'. सकाळ 'इन द मॉर्निंग', पण रात्र 'ॲट नाइट'. सकाळीला वार चिकटला, की वाराचंच चालतं : 'ऑन मंडे मॉर्निंग'. आणि 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस', 'एव्हरी' यांपैकी काही आलं, की काहीच लावायचं नाही : 'आय विल कम नेक्स्ट मंडे'.

आपली खरी दांडी उडते ती 'पासून' आणि 'पर्यंत'पाशी. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' असं आपण म्हणतो आणि 'सिन्स टू इयर्स' तोंडातून निघून जातं. स्वतःला विचारा : मी सुरुवात कधी झाली ते सांगतोय, की किती काळ गेला ते? सुरुवात असेल तर 'सिन्स २०२२', काळ असेल तर 'फॉर टू इयर्स'. 'पर्यंत'चंही तसंच. 'पाचपर्यंत काम कर' आणि 'पाचपर्यंत काम संपव' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात काम पाचपर्यंत चालूच राहणार, म्हणून 'टिल फाइव्ह'. दुसऱ्यात ते पाचच्या आत कधीही संपलं तरी चालेल, म्हणून 'बाय फाइव्ह'. इथे गफलत झाली, तर समोरचा पाच वाजेपर्यंत बसून राहील आणि काम तसंच राहील.

यापुढे नियम फारसे कामाला येत नाहीत. 'अवलंबून असणे'ला 'वर' आणि 'डिपेंड'ला 'ऑन', इथे दोन्ही भाषा जुळल्या. पण 'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ' केलं, की चुकलं. तिथे 'मॅरिड टू' लागतं. घाबरणं 'अफ्रेड ऑफ', एखाद्या गोष्टीत हुशार असणं 'गुड ॲट'. नवा शब्द शिकताना शेपटासकट शिका. वहीत नुसतं 'इंटरेस्टेड' लिहू नका, 'इंटरेस्टेड इन' लिहा. प्रिपोझिशनपुढे क्रियापद आलं, तर ते 'इंग' लावूनच येतं. म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू'. इथे 'टू सी' चालत नाही.

काही क्रियापदांना मात्र शेपूटच नको असतं. 'च्याबद्दल चर्चा' म्हणून आपण 'डिस्कस अबाउट' म्हणतो, 'ला सांग' म्हणून 'टेल टू मी'. बरोबर आहे ते 'डिस्कस द प्लॅन' आणि 'टेल मी'. 'रीच'नंतर 'टू' नाही, 'मॅरी'नंतर 'विथ' नाही. 'घरी जाणे' म्हणजे 'गो होम', मध्ये काही नाही.

तरीही अडलात, तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा आणि अर्थाच्या खाली दिलेली उदाहरणं वाचा. जोडी तिथेच सापडते. कधी दोन उत्तरं दिसतील. 'ॲट द वीकेंड' ब्रिटिश, 'ऑन द वीकेंड' अमेरिकन. अशा वेळी डोकं खाजवू नका, कुठलंही एक घ्या आणि पुढचं वाक्य लिहा.