नेटसीडीएफ बिल्ड होत नाही? शेवटच्या ओळीवर विसंबू नका

नाशिक जिल्ह्यातला रोजचा पाऊस काढायला हवामान खात्याचा पाव अंशाच्या जाळीचा डेटा घेतला, तो वाचायला नेटसीडीएफ (असा जाळीचा डेटा वाचणारी लायब्ररी) सोर्समधून बिल्ड करायला घेतलं, आणि कॉन्फिगर (बिल्डआधी लागणारं सगळं आहे का तपासणारी स्क्रिप्ट) म्हणालं ‘एचडीएफ५ सापडत नाही’. एचडीएफ५ ही नेटसीडीएफला आतून लागणारी लायब्ररी. बहुतेक जण लगेच एचडीएफ५ पुन्हा इन्स्टॉल करतात. पहिली चूक हीच.

कॉन्फिगर डिस्कवर फाइल शोधत बसत नाही. एचडीएफ५ मधलं एखादं फंक्शन वापरणारा इवलासा सी प्रोग्रॅम ते लिहितं आणि कंपाइल, लिंक होतो का बघतं. यात काहीही अडलं तरी उत्तर एकच, सापडत नाही. खरं कारण कॉन्फिग डॉट लॉगमध्ये असतं, पण तळाशी नाही. तळाशी नुसती चलांची यादी असते. ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ हे शब्द शोधा आणि त्यांच्या वरच्या ओळी वाचा. हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणारी फाइल) नाही म्हणत असेल तर ती हेडर आणणारं ‘डेव्ह’ पॅकेज राहिलंय किंवा सीपीपीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे हेडर कुठे शोधायची ते सांगणाऱ्या चलात, पत्ता चुकलाय. ‘कॅनॉट फाइंड’ आणि पुढे लायब्ररीचं नाव असेल तर एलडीफ्लॅग्ज, म्हणजे लायब्ररीचा पत्ता सांगणारं चल, तपासा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर एचडीएफ५ सापडलंय, त्याला लागणारं झेडलिब (कॉम्प्रेशनची लायब्ररी) वगैरे राहिलंय. स्टॅटिक (थेट प्रोग्रॅममध्येच मिसळणाऱ्या) लायब्ररी असतील तर लिंक करतानाचा क्रमही महत्त्वाचा: आधी एचडीएफ५ एचएल (एचडीएफ५ चाच वरचा थर), मग एचडीएफ५, शेवटी झेड (म्हणजे झेडलिब) आणि एम (गणिताची लायब्ररी).

उबुंटूवर आणखी एक मेख आहे. तिथे एचडीएफ५ ची हेडर नेहमीच्या इन्क्लूड फोल्डरमध्ये नसतात, त्याच्या आतल्या एचडीएफ५, मग सिरियल अशा उपफोल्डरमध्ये असतात. लायब्ररीचंही तसंच. पॅकेज असूनही कॉन्फिगर अडतं ते यामुळे.

अ‍ॅनाकोंडा (स्वतःच्या लायब्ररी सोबत आणणारा पायथनचा संच) चालू ठेवून बिल्ड करू नका. हेडर एकीकडची, लायब्ररी दुसरीकडची अशी खिचडी होते, आणि ती कधीकधी कंपाइल होऊन चालवताना कोसळते. शोधायला त्याहून त्रासदायक काही नाही.

कॉन्फिगरऐवजी सीमेक हे बिल्डचं साधन वापरत असाल तर कंपायलर बदलल्यावर बिल्ड फोल्डर सरळ उडवा. जुना कंपायलर तिथल्या कॅशेमध्ये (साठवलेल्या नोंदींत) बसलेला असतो.

नेटसीडीएफचा फोरट्रान भाषेसाठीचा भाग वेगळा बिल्ड होतो; आधी सी चा भाग करायचा, मग हा. जीफोरट्रान (फोरट्रानचा कंपायलर) १० पासून जुन्या कोडमधला आर्ग्युमेंटच्या प्रकारातला फरक थेट एरर ठरतो. तिथे ‘अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच’चा फ्लॅग द्यावा लागतो. मॉड फाइल (फोरट्रान मॉड्यूलची माहिती ठेवणारी) ज्या कंपायलरने बनवली त्याच्यापुरतीच असते.

कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर ‘नवी फाइल जुन्यापेक्षा जुनी आहे’ अशा अर्थाची अजब तक्रार आली, तर घड्याळ बघा. बोर्डावरचा सेल संपलेला असतो. फोल्डरच्या नावात स्पेस असली तरी कॉन्फिगर अडतं. आणि मेक (कॉन्फिगरनंतर प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) चालू असताना वीज गेली तर पुढून सुरू करू नका: अर्धवट ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) मेकला पूर्ण झालेलीच वाटते आणि लिंकर नंतर ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणून थांबतो. मेक क्लीन करून पहिल्यापासून चालवा.