किडनीच्या फाइलमध्ये कॅन्सरसाठी एक पान

अण्णांचं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) ३.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २१, म्हणजे किडनी बरीच खराब. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, डाइंगमध्ये तीस वर्षं टॉवेलचं सूत रंगवलं. विडी कायम खिशात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून आल्यावर लघवी लाल झाली. "बीट खाल्लंय की दुपारी," म्हणाले. मीही मान डोलावली. दोन दिवसांत रंग गेला, विषय संपला. मार्चमध्ये पुन्हा लाल, आणि आठवडाभर घरात बीट आलंच नव्हतं. दुर्बीण घालून बघितलं तर मूत्राशयात गाठ. लहान होती, काढली. मधले दोन महिने आम्हीच घालवले. डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

तेव्हा घरात किडनीचा पेशंट असेल तर एवढं करा.

आधी घाबरू नका. किडनी खराब म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही. धोका काहीसा वाढतो, तोही मुख्यतः किडनी आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरचा. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या आकसलेल्या किडनीत पाण्याच्या गाठी होतात, क्वचित त्यातच कॅन्सर धरतो. किडनी बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यांना त्वचेचा कॅन्सर आणि लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) यांकडे लक्ष ठेवावं लागतं. खरी पंचाईत अशी की थकवा, मेलेली भूक, उतरलेलं वजन, कमी झालेलं रक्त, सगळंच आपण किडनीच्या खात्यावर लिहितो.

फाइलच्या पहिल्या पानावर माणसाचं काम लिहा. आमच्याकडे हे कुणी विचारलं नव्हतं, मीच नंतर लिहिलं: "रंगकाम, ३० वर्षं." जुन्या काही रंगांतल्या बेंझिडीनसारख्या रसायनांचा मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला आहे. त्याखाली तंबाखू. विडी-सिगारेट हे तर या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण. आणि मिश्री लपवू नका! आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या मावशींना विचारलं तर "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि सकाळी दातांना मिश्री लावतात. तोंडाच्या कॅन्सरच्या दृष्टीनं तीही तंबाखूच. मग अंगदुखीच्या गोळ्या, काढे, पुड्या, सगळं. ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेल्या काही वनस्पती किडनीही घालवतात आणि मूत्रमार्गाचा कॅन्सरही करतात, त्यामुळे नाव नसलेली पुडी नकोच.

लघवी आठवड्यातून एकदा पांढऱ्या प्लास्टिकच्या कपात घेऊन दाराशी, उजेडात बघा. आमच्या संडासातल्या पिवळ्या बल्बखाली सगळंच चहासारखं दिसतं. इथल्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात लघवी गडद पिवळी होईल, ते वेगळं. लाल किंवा काळ्या चहासारखी दिसली, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा. न दुखता येणारं रक्त जास्त फसवतं. थांबलं म्हणून सोडू नका. डायलिसिसवर असून दोन थेंबच होत असतील, तरी त्यातलं रक्तही डॉक्टरांना दाखवायचं.

डोळ्याला न दिसणारं रक्त रिपोर्टमध्ये दिसतं. लघवीच्या साध्या तपासणीत "आरबीसी"ची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींची ओळ असते. तिथे पुन्हा पुन्हा आकडा येत असेल तर बोट ठेवून विचारा: सोनोग्राफी करायची का, दुर्बीण घालायची का? सीटी सांगितला तर ईजीएफआरचा कागद आधी पुढे करा, सीटीत नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात तो डाय द्यायचा की नाही ते त्यावर ठरतं. केमोचंही तसंच, सिस्प्लॅटिनसारखी औषधं किडनीवर जातात.

वजन दर रविवारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डायलिसिस असेल तर पाणी काढल्यानंतरचं. सुजेमुळे उतरलेलं अंग झाकलं जातं. हिपॅटायटिस बीची लस राहिली असेल तर विचारा. डायलिसिसवाल्यांना डोस जास्त लागतो, आणि ते इन्फेक्शन पुढे लिव्हरच्या कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं.

अण्णांची दुर्बीण आता दर तीन महिन्यांनी. विडी सुटली, कुरकुर सुटली नाही. आणि मंडईत बीट दिसलं की मी पुढे सरकते. पोटॅशियमचं कारण आहेच, पण लाल रंगाला घरात सबब ठेवायची नाही.