नवी फोर्कलिफ्ट किंवा बॅकहो घेताना आधी काय तपासावे

चाकण किंवा रांजणगावच्या गोदामासाठी नवे यंत्र घेताना बहुतेक मालक किंमत, क्षमता आणि हप्ता एवढेच पाहतात. अडचणी मात्र यंत्राभोवतीच्या जुन्या सवयींतून उभ्या राहतात, म्हणून तपासणीची सुरुवात त्या सवयींपासून करावी.

जुन्या इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टमध्ये लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियम बसवणार असाल, तर सर्वांत आधी बॅटरीचे वजन पाहा. लेड-ॲसिड बॅटरीचे वजन अनेकदा टनाच्या घरात असते आणि पुढच्या फोर्कवरील माल तोलून धरण्यात त्या वजनाचाही वाटा असतो. लिथियम बॅटरी बरीच हलकी असल्यामुळे केवळ जागेत बसते म्हणून ती बसवली, तर माल वर उचलताना मागची चाके हलकी होतात आणि यंत्र पुढे कलंडू शकते. यंत्राच्या माहितीपट्टीवर बॅटरीचे किमान व कमाल वजन दिलेले असते. कमी पडणारे वजन उत्पादकाच्या लेखी संमतीने पोलादी ठोकळे पक्के बसवून भरून काढावे. ही संमती मिळत नसेल, तर बदल करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर विजेचा हिशेब करावा. लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर सावकाश चार्ज होत असे. लिथियम चहाच्या किंवा जेवणाच्या सुट्टीत चार्ज करतात. चार फोर्कलिफ्ट एकाच सुट्टीत चार्जरला लागल्या, तर महावितरणकडून मंजूर करून घेतलेली कमाल मागणी, म्हणजे एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा, ओलांडली जाऊन बिल वाढते. त्यासाठी सुट्ट्यांच्या वेळा पुढे-मागे कराव्यात. औद्योगिक भागात देखभालीसाठी अनेकदा गुरुवारी वीज बंद ठेवली जाते, तेव्हा बुधवारी संध्याकाळीच सर्व बॅटऱ्या भरून ठेवाव्यात.

बांधकामावरील बॅकहोची, म्हणजे पुढे बादली आणि मागे खोदणारा हात असलेल्या यंत्राची, गोष्ट वेगळी आहे. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे उत्सर्जन निकष लागू झाले आणि त्यामुळे अनेक इंजिनांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला. हा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. टिपरची वाट पाहत तासन्‌तास इंजिन नुसते चालू ठेवण्याची आपल्याकडची पद्धत नेमकी त्याच्या मुळावर येते: धूर थंड राहतो, काजळी साचते आणि अखेरीस यंत्राची ताकद आपोआप कमी होते. थांबायचे असेल तेव्हा इंजिन बंद करायला ऑपरेटरला सांगावे. पडद्यावर फिल्टर साफ होत असल्याची खूण दिसली, तर काम उरकायच्या घाईत ती प्रक्रिया बंद करू नये. मात्र तेव्हा सायलेन्सर अतिशय तापतो, म्हणून यंत्र वाळके गवत आणि डिझेलच्या बॅरलपासून दूर उभे करावे. इंजिन ऑइलही उत्पादकाने सांगितलेले, कमी राखेचेच वापरावे.

धुरातील घातक वायू कमी करण्यासाठी यंत्राला युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असेल, तर साठवण सांभाळावी. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते. २५ अंश सेल्सिअसला ते सुमारे १८ महिने टिकते, ३५ अंशांना जेमतेम ६. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक उष्णता असते. त्यामुळे वर्षाचा साठा एकदम घेऊ नये आणि डिझेलचे नरसाळे त्यासाठी कधीही वापरू नये.

डिझेलबाबतही हीच काळजी हवी, कारण कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना इंधन देणाऱ्या इंजिनात, इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो आणि बॅरलमधून आलेले थेंबभर पाणी वा बारीक माती इंजेक्टर खराब करते. गळती शोधताना नळीवर हात फिरवू नये, कारण त्या दाबाची बारीक धार कातडी भेदते.

खरेदीचा करार करताना बिघाडाचा कोड कोण वाचणार, त्यासाठीचा संगणक कोणाकडे असेल आणि तंत्रज्ञ किती तासांत पोहोचेल, हे लेखी घ्यावे. मुळशी किंवा वेल्ह्याच्या खोऱ्यात काम असेल, तर तेथे मोबाइलचे नेटवर्क नसताना यंत्राने नेटवर्कवरून पाठवायची माहिती यंत्रातच साठून राहते की हरवते, हेही त्याच वेळी विचारावे.