कुतूहलाला कामाला कसं लावायचं

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याला मिरी तिखट का लागते हे बघायचं होतं. त्याने मिरी पाण्यात भिजत ठेवली आणि काही दिवसांनी तेच पाणी भिंगाखाली धरलं. तिखटपणाचं कारण मिळालं नाही, पण पाण्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेला ते सविस्तर कळवलं. भिंगं तो स्वतःच बनवायचा आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचा. त्याची ही लिहून ठेवायची सवय उचलण्यासारखी आहे.

खिशात मावेल अशी वही ठेवा. प्रश्न पडला की तारीख घालून एका ओळीत लिहा. उत्तरासाठी लगेच फोन उघडू नका. आयतं उत्तर मिळालं की प्रश्न तिथेच विझतो. आठवड्याअखेरीस वही चाळा आणि पुन्हापुन्हा डोकावणारा एकच प्रश्न घ्या.

आता तो लहान करा, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. ‘पाणी गोठतं कसं?’ यात धरायला काही नाही. ‘बर्फाचा खडा कडेला पारदर्शक आणि मधे पांढुरका का?’ हा प्रश्न घरच्या फ्रीजरमध्ये तपासता येतो. आधी स्वतःचा अंदाज लिहा, नाहीतर निकाल पाहिल्यावर ‘हे माहीतच होतं’ असं वाटू लागतं. मग एकच पाणी थोडं साध्या ट्रेमध्ये आणि थोडं जाड थर्माकोलच्या, झाकण नसलेल्या डब्यात ठेवा. ट्रेमध्ये थंडी चहूबाजूंनी येते, त्यामुळे विरघळलेली हवा मधे कोंडते. डब्यात गोठणं वरून खाली सरकतं आणि हवा खाली ढकलली जाते. तळाशी थोडं पाणी शिल्लक असतानाच डबा बाहेर काढा. वरचा थर बराच स्वच्छ दिसेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला. डब्यातलं पाणी उकळूनही घेतलंत, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. निदान तीनदा करून पाहा आणि फसलेली खेपही लिहा. बऱ्याचदा पुढचा प्रश्न तिच्यातच असतो.

महागडी साधनं आधी घेऊ नका. हाताशी असलेल्या साधनाने नेमकं काय दिसत नाही हे सांगता आलं, की मगच खरेदी करा. नुसते व्हिडिओ पाहण्यात महिना जातो आणि वही कोरी राहते, तेही टाळा.

शेवटी अर्ध्या पानात लिहा: काय विचारलं, काय केलं, काय दिसलं. ते पान विषय जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. त्यांनी विचारलेलं जे तुम्हाला सांगता आलं नाही, ते वहीच्या पुढच्या पानावर पहिल्या ओळीत लिहा.