बास्केटबॉलसाठी शहर निवडताना

बाहेरगावचा पैलवान कोल्हापुरात गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत राहायला येतो, तेव्हा तो शहराची शोभा पाहत नाही. रोज तोडीस तोड जोड मिळेल का आणि खुराक परवडेल का, एवढेच तो पाहतो. चेन्नईत आठ वर्षे कार्यालयीन संघाकडून खेळून परतल्यावर, बास्केटबॉलवर पोट भरू पाहणाऱ्या मुलामुलींनीही शहर याच कसोटीवर निवडावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सल्ला विचारायला येणारी मुले बहुधा एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या मायामी आणि लॉस एंजेलिसची नावे घेतात. मायामीच्या ओढीमागे केवळ समुद्रकिनारा नाही; फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नसल्यामुळे मायामी किंवा डॅलसच्या खेळाडूच्या हाती कॅलिफोर्नियातल्यापेक्षा अधिक पैसा उरतो. मात्र ड्राफ्टमधून, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या पद्धतीतून, येणाऱ्या नवख्याला शहर निवडता येत नाही. टिम डंकन १९९७ मध्ये असाच सॅन अँटोनिओला गेला आणि न्यूयॉर्कचा झगमगाट नसलेल्या त्या शहरात त्याने १९ हंगामांत ५ विजेतेपदे मिळवली.

आपल्याकडे खेळाडूचा संसार चालतो तो मुख्यतः क्रीडा कोट्यातील नोकरीवर. त्यामुळे ज्या शहरात संघ बाळगणारी कार्यालये अधिक, तेच शहर राहण्याजोगे. चेन्नईत इंडियन ओव्हरसीज बँक, पेरांबूरचा रेल्वे डबे कारखाना, दक्षिण रेल्वे असे संघ एकाच गावात नांदतात. जोडीची उणीव भासत नाही. उकाडा मात्र जिवाचा अंत पाहतो. मे महिन्यात एका सरावात मी तीन बनियन बदलत असे, तरी घामाने चेंडू हातातून निसटायचा. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या मला दहीभात हेच तिथले खरे औषध आहे, हे समजायला वर्ष लागले.

माझी मोठी चूक खोलीच्या बाबतीत झाली. भाडे वाचवण्यासाठी मी तांबरमला राहिले आणि सराव होता शहराच्या मध्यावर. रोज दोन-अडीच तास लोकलमध्ये, तेही बहुतेक उभ्याने जात. रात्री घरी पोहोचेपर्यंत उजवा गुडघा सुजून नारळाएवढा होई. दुसऱ्या वर्षी पुरसवाक्कमला एका सहकारी खेळाडूबरोबर खोली घेतली, भाडे जास्त पडले, पण दोन महिन्यांत सूज ओसरली. म्हणून भाडे विचारण्याआधी मैदानापासूनचे अंतर विचारा; मुलींनी तर रात्री नऊनंतरचा परतीचा रस्ता स्वतः चालून पाहावा.

लुधियानात गुरू नानक स्टेडियमवरील अकादमी आहे. २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये डॅलसच्या संघाने निवडलेला सतनाम सिंग तिथेच घडला. उंची असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांनी तिथे जरूर जावे. मुंबईत नागपाड्याची परंपरा जुनी आहे, पण नोकरीशिवाय तिथले भाडे झेपणार नाही.

कोल्हापूर सोडण्याची घाई मात्र करू नये. इथे दूध आहे, व्यायामाला मान आहे आणि घरचे जेवण आहे. पाया याच मातीत घालावा. इथल्या संध्याकाळच्या सामन्यात तुम्हाला अडवणारे कोणी उरले नाही, की हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती गाठा. तिथून चेन्नई साडेतीन-चार तासांवर आहे.