माळ्यावर जुना फ्लाय रॉड (नकली माशी लावून मासे धरायची काठी) नाहीतर रील (तिची दोरी गुंडाळायची चकरी) सापडलं तर किंमत कशी काढायची

पहिलं सांगणं, ब्रासो लावू नका. आमच्या वडिलांचे मामा संस्थानात नोकरीला होते, त्यांच्या पेटीत एक पितळी रील सापडलं आणि मी हौसेनं उद्यमनगरात नेऊन बफिंग करून आणलं, हुपरीच्या पैंजणासारखं चकचकीत. फोटो बघून घेणारा गडी म्हणाला, काळपट होतं तसंच ठेवलं असतं तर लगेच घेतलं असतं. अजून लागून राहिलंय ते मनाला. जुन्या रीलवरचा मूळ रंग, तो काळसर थर, हीच त्याची किंमत असते, एकदा गेला की गेला.

आता ते फ्लायचंच आहे का हे बघा. एका हातानं धरायच्या फ्लाय रॉडला रील मुठीच्या खाली, अगदी बुडाला बसतं, आणि रील म्हणजे साधा ड्रम, हॅन्डल थेट त्यावरच, एक फेरा फिरवला की ड्रमचाही एकच फेरा.

मग नाव शोधा. हार्डी ब्रदर्स, अल्नविक असं कोरलेलं असेल (उच्चार ॲनिक करतात) तर सावकाश बसून बघा, ही इंग्लंडची कंपनी १८७२ पासूनची आणि तिचं 'परफेक्ट' रील गोळा करणारे जगभर आहेत. त्यावर कधीकधी 'डुप्लिकेटेड मार्क टू' असा शिक्का असतो, तो वाचून नकली समजून भंगारात देऊ नका, तो आतल्या चेकचा म्हणजे टिकटिक करणाऱ्या यंत्रणेचा प्रकार आहे, रील अस्सल असतं. ड्रम काढून आत बघा, बनवणाऱ्या कारागिराची आद्याक्षरं असतात काहींवर. आणि रॉडवर बसवायचा खालचा पाय नीट तपासा, दुसऱ्या रॉडवर बसावं म्हणून तो कानशीनं घासलेला असतो पुष्कळदा आणि तिथंच किंमत उतरते. हॅन्डल बदललेलं, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या, कड वाकलेली, प्रत्येकाला पैसे कमी होतात. नुसतं जुनं आहे म्हणून महाग असं काही नसतं बघा.

रॉडचं आता. कांडी सहा कोनी आहे का गोल? सहा कोनी असेल तर स्प्लिट केन, म्हणजे बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली, सुरुवातीच्या काळात हा बांबू आपल्याकडूनच, कलकत्त्याहून जायचा, नंतर चीनचा टोंकिन बांबू आला. भरीव गोल लाकडाचा, ग्रीनहार्टचा असेल तर जास्त आशा धरू नका. लाकडी पेटीत रंगीत रेशीम गुंडाळलेला जपानी बांबूचा सेट मिळाला तर तोही दिसायला लई देखणा, पण दुसऱ्या महायुद्धानंतर ते ढिगानं बनले, त्यामुळं भाव कमीच.

टेप घ्या आणि प्रत्येक तुकडा मोजा. तीन तुकड्यांच्या रॉडला सगळे तुकडे साधारण सारखे असतात आणि शेंड्याचा तुकडा बऱ्याचदा दोन असतो, एक जादा. एक शेंडा दोन इंच कमी भरला तर तो मोडून परत बसवलाय समजा, बुडावर लांबी लिहिलेली असली तर तीही ताडून बघा. तुकडा टेबलावर लोळवा, वाक असेल तर लगेच कळतो. धातूचा जोड सरळ ओढून काढा, पिळू नका, पॉप असा आवाज आला तर जोड घट्ट आहे. आपल्याकडं पावसाळ्यात दमट हवेनं जुना सरस सुटतो, पट्ट्यांमध्ये नखाएवढी फट दिसते का ते उजेडात धरून बघा. मूळ कापडी पिशवी आणि नळी असेल तर टाकू नका, भाव वाढतो. बारा चौदा फुटी दोन हाती रॉड दिसायला भारी पण घेणारे थोडे, सात आठ फुटी हलक्याला मागणी जास्त.

भाव बघताना ईबेवर मागितलेली किंमत धरू नका, 'सोल्ड' फिल्टर लावून खरंच विकलेल्या बघा, तेच मॉडेल, तोच साइज, तशीच अवस्था, निदान पाच सहा तरी. लिलावात कमिशन जातं ते वजा करा.

आणि एक नीट ध्यानात ठेवा. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि पुरावस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाईकाला हो म्हणण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. हॅन्डल हस्तिदंताचं निघालं तर आपल्याकडं त्याची विक्री बंदच आहे, ते विकायला काढू नका.