बाबेलच्या आधी दहावा अध्याय : नव्या अभ्यासकासाठी

भाषा, लोकसमूह आणि धर्म कुठून आले, याचं बायबलमधलं उत्तर शोधायला निघालेला नवखा माणूस बहुधा थेट बाबेलच्या बुरुजावर चढतो, म्हणजे देवाने माणसांची एक भाषा घोटाळून त्यांना पांगवलं त्या गोष्टीवर. ती जिथे आहे तो उत्पत्तीचा (बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा) अकरावा अध्याय उघडण्याआधी दहावा हाताखालून गेला पाहिजे, आणि तोही पेन्सिल घेऊन. वाचायला तो रूक्ष आहे, जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या वंशजांच्या नावांची नुसती जंत्री. पण माल तिथेच आहे.

वहीचं पान आडवं धरा आणि याफेथ, हाम, शेम या नोहाच्या मुलांचे तीन रकाने आखून नावं उतरवा. याफेथाखाली १४, हामाखाली ३०, शेमाखाली २६, एकूण ७०. हामाचा आकडा ३१ आला तर तुम्ही निम्रोद मोजलात. तो एकटा राजा म्हणून येतो, म्हणून रूढ मोजणीत त्याला धरत नाहीत. २९ आला तर पलिष्टी सुटले. चौदाव्या वचनात ते जाता जाता येतात आणि हमखास निसटतात. नोहाच्या तिघा मुलांना या ७० मध्ये धरायचं नाही.

आता प्रत्येक नावापुढे माणूस, गाव की जमात ते लिहा. सीदोन हे शहर आहे, यबूसी आणि अमोरी या जमाती आहेत, मिसराईम म्हणजे अख्खा इजिप्त. ‘अमक्याला तमका झाला’ ही भाषा वंशावळीची असली, तरी तिच्यात शेजार, सत्ता आणि व्यापारही बसवलेले आहेत. म्हणून शबा आणि हवीला ही नावं दोनदा येतात, एकदा हामाच्या कूशाखाली (१०:७) आणि एकदा शेमाच्या वंशातल्या यक्तानाखाली (१०:२८-२९). ही लेखनिकाची चूक समजून एक नाव खोडू नका. दोन्ही ठेवा.

चौथा रकाना भाषेचा. इथे खरी गंमत सुरू होते. ‘सेमिटिक’ हा शब्द श्लोएत्सर या जर्मन विद्वानाने १७८१ मध्ये शेमाच्या नावावरून रूढ केला, म्हणून शेमाची सगळी मुलं सेमिटिक बोलणारी असतील असं वाटतं. पण एलाम शेमाचा मुलगा असूनही एलामी भाषा सेमिटिक नाही. उलट कनान हामाचा मुलगा, आणि सीदोनची फिनिशियन भाषा मात्र हिब्रूची सख्खी बहीण. तेव्हा हा तक्ता आजच्या भाषाकुळांचा तक्ता नव्हे. तो तसा असल्याचा दावा करणारे आणि तसा नाही म्हणून त्याला खोटं ठरवणारे, दोघेही त्याच्याकडून भलतंच काम मागतात.

भारत कुठे आहे, हा प्रश्न मराठी वाचकाला पडतोच. या यादीत नाही. बायबलमध्ये भारत येतो तो एस्तेर या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात, प्राचीन इराणी साम्राज्याची पूर्व सीमा म्हणून. याफेथाचा मुलगा यावान मात्र ओळखीचा निघतो. तो म्हणजे आयोनियाचे ग्रीक, आणि आपला ‘यवन’ शब्दही त्याच नावावरून आलेला. पुढे मराठीत तो मुसलमानांसाठी वापरला गेला, ती गोष्ट वेगळी. तक्त्यात भारताला जबरदस्तीने बसवण्याचा मोह जुना आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं १७८६ मध्ये कोलकात्यात मांडणारा विल्यम जोन्सच पुढे सगळ्या राष्ट्रांची विभागणी नोहाच्या तीन मुलांत करायला बसला आणि त्याने हिंदूंना हामाच्या शाखेत टाकलं. 

आता अकरावा अध्याय. बुरुजाची गोष्ट फक्त नऊ वचनांची आहे. दहाव्यात भाषा वेगवेगळ्या (वचनं ५, २०, ३१) आणि अकराव्याच्या सुरुवातीला एकच भाषा, हा उलटा क्रम पाहून गोंधळू नका. आधी परिणाम सांगून मग कारण सांगितलं आहे. हिब्रू शब्दही बदलतो : दहाव्यात ‘लाशोन’, म्हणजे जीभ, अकराव्यात ‘साफा’, म्हणजे ओठ. बांधकामाचा तपशील नेमका आहे. शिनारच्या, म्हणजे बाबिलोनच्या प्रदेशातल्या, गाळमातीच्या मैदानात दगड नाही, म्हणून भाजलेली वीट, आणि सांधायला डांबर. बाबिलोनचा एतेमेनांकी हा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा पायथ्याला प्रत्येक बाजूने सुमारे ९१ मीटर होता, त्यामुळे कथेचं दृश्य हवेतलं नाही. ‘बाबेल’चा बाबिलोनी लोक लावत तो अर्थ ‘देवाचं दार’. कथा मात्र ‘बालाल’, म्हणजे घोटाळा करणे, या क्रियापदाशी त्याची कोटी करते. ही व्युत्पत्ती नव्हे, टोमणा आहे. शिखर आकाशाला भिडवायला निघालेला बुरूज पाहण्यासाठी देवाला खाली उतरावं लागतं, तोही टोमणाच.

कालगणनेत हात भाजतात. रूढ हिब्रू पाठानुसार जलप्रलयापासून अब्रामाच्या (पुढच्या अब्राहामाच्या) जन्मापर्यंत २९२ वर्षं होतात (अब्राम झाला तेव्हा त्याचा बाप तेरह ७० वर्षांचा होता असं धरून), तर जुन्या ग्रीक भाषांतरात हाच काळ बराच लांबतो. कोणता पाठ धरला ते आधी लिहा, मगच बेरीज करा. शेमाच्या वंशातल्या पेलेगच्या काळात ‘पृथ्वीची वाटणी झाली’ (१०:२५) यातून खंड सरकल्याचा अर्थ काढू नका. संदर्भ लोकांच्या वाटणीचा आहे.

धर्मांचा उगम या दोन अध्यायांत नाहीच, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येतं. दहाव्यात कुळ, भाषा, देश आणि राष्ट्र एवढंच येतं, इतर दैवतांचं नाव नाही. त्यासाठी यहोशवा २४:२ (तेरह इतर देवांची सेवा करत होता), अनुवाद ४:१९ आणि रोमकरांस पत्र १:१८-२५ एकत्र ठेवून वाचावं लागतं. निम्रोदाने बुरूज बांधला आणि सगळ्या मूर्तिपूजेचं मूळ त्याच्यात आहे, ही मांडणी नंतरची. बायबल फक्त बाबेल त्याच्या राज्याचा आरंभ होता म्हणतं (१०:१०). जहाजाच्या चिनी चिन्हात ‘नाव, आठ, तोंडं’, म्हणजे नोहाच्या तारवातली आठ माणसं दिसतात, हाही फिरता दाखला टाळा. चिन्हाचा उजवा भाग तिथे उच्चारासाठी आहे. आणि नोहाचा शाप कनानाला आहे (९:२५), हामाला नाही. हा फरक न पाहिल्याने गुलामगिरीच्या समर्थनार्थ शतकानुशतकं हे वचन वापरलं गेलं.

शेवटी अनुवाद ३२:८ काढा. देवाने राष्ट्रांच्या सीमा कशाच्या संख्येनुसार ठरवल्या? रूढ हिब्रू पाठात ‘इस्राएलाच्या (म्हणजे याकोबाच्या) पुत्रांच्या’, मृत समुद्राकाठी सापडलेल्या एका गुंडाळीच्या तुकड्यात ‘देवाच्या पुत्रांच्या’. तुमच्या मराठी प्रतीत काय आहे ते तळटिपेसकट पाहा. मग उत्पत्ती ४६:२७ उघडा आणि मिसरात आलेल्या याकोबाच्या घराण्यातल्या माणसांचा आकडा वहीतल्या बेरजेशेजारी लिहा : ७०.